शब्दचर्चा : ‘दृश्यसंस्कृती’ आणि वीरगळ

प्रश्न (अंबाजोगाई) :
मराठवाड्यातील मध्ययुगीन शिल्पांवरचा एक लेख सध्या तपासत आहे. लेखिकेने ‘कला’, ‘दृश्यकला’ आणि ‘दृश्यसंस्कृती’ हे शब्द आलटून पालटून वापरले आहेत. हे तिन्ही एकमेकांच्या जागी चालतात का? दुसरी शंका लहान आहे : वीरगळ (मृत वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड) तो की ती?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) :
चालत नाहीत. ‘दृश्यकला’ हे चित्र, शिल्प यांसारख्या कलाप्रकारांचे नाव आहे, तर ‘दृश्यसंस्कृती’ म्हणताना ती वस्तू, तिच्याकडे पाहणारी माणसे आणि पाहण्याची त्यांची रीत, असे सगळेच अभिप्रेत असते. वेरूळच्या कैलास लेण्यापुढे उभा राहिलेला जुन्या वळणाचा अभ्यासक राजा, शतक आणि शैली विचारतो, आणि त्याला राष्ट्रकूट पहिला कृष्ण, आठवे शतक, द्राविड शैली अशी उत्तरे मिळतात. ती आवश्यकच आहेत. परंतु हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे प्रदक्षिणेला निघालेल्या माणसाला उत्तरेकडचा महाभारताचा पट आधी दिसतो आणि दक्षिणेकडचा रामायणाचा नंतर. हा क्रम पाहणाऱ्याच्या मनात काय घडवत असेल, हा प्रश्न शैलीच्या चौकटीत बसत नाही. तो दृश्यसंस्कृतीचा प्रश्न होय.

खरा फरक वीरगळांपाशी कळतो. घडण ओबडधोबड आणि घडवणारा अनामिक, म्हणून कलेच्या इतिहासात त्यांना फार तर तळटीप मिळत असे. आता मात्र खालच्या चौकटीतील लढाई किंवा पळवून नेलेली गुरे, त्यावर वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा हा खालून वर वाचायचा दगड गावाने आपला मृत कसा लक्षात ठेवला याचे साधन मानला जातो. शब्दही बोलका आहे. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड; ‘वीरगल्लु’चा आपण ‘वीरगळ’ केला. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य ज्या प्रदेशावर होते, तेथे असा शब्द रुळावा यात नवल नाही. लिंगाविषयी म्हणाल तर दोन्ही रूपे प्रचलित आहेत. ‘शिळा’ मनात धरणारे ‘ती वीरगळ, त्या वीरगळी’ म्हणतात, ‘दगड’ धरणारे ‘तो वीरगळ’. मी पुल्लिंगी लिहितो. एका लेखात एकच रूप असावे, एवढाच आग्रह.

उत्तर (परभणी) :
सरांचे विवेचन पटले, पण ‘दृश्य’ या पदाविषयी माझी तक्रार आहे. आमच्याकडे पाराशेजारचा वीरगळ लोक केवळ पाहत नाहीत. त्याला शेंदूर लावतात, तेल वाहतात, नारळ फोडतात, आणि मूळ वीर विसरला गेल्यावरही दगडाचा देव होतो. शेंदराच्या थराखाली कोरीव काम दिसेनासे झाले की जुन्या मताने ती हानी ठरते. नव्या अभ्यासात मात्र तो थरही पुरावा आहे, कारण वस्तू घडली त्या दिवसाइतकेच तिचे पुढचे आयुष्य महत्त्वाचे मानले जाते. ‘दृश्यसंस्कृती’ म्हणताना हा स्पर्श निसटतो. माझ्यापाशी पर्यायी शब्द नाही, तेव्हा हाच ठेवावा, पण व्याख्येत स्पर्शाचा उल्लेख करावा.

जाता जाता, लेखात ‘हेमाडपंती’ कितीदा आले आहे ते पाहावे. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. अंबरनाथच्या मंदिरातला लेख शके ९८२चा, म्हणजे 1060 सालचा. दोनशे वर्षांआधीच्या मंदिराला त्याचे नाव देणे बोलीत खपते, शोधनिबंधात खपू नये.

प्रश्नकर्ता (अंबाजोगाई) :
ताई, सर, दोघांचेही आभार. ‘हेमाडपंती’ नऊ ठिकाणी आहे. होट्टल आणि धर्मापुरीच्या मंदिरांनाही तेच विशेषण लावले आहे. तेथे ‘चालुक्यकालीन’ सुचवतो. आमच्याच गावच्या शिलालेखाबाबतही प्रश्न उभा राहिला. यादव सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याची मुलगी लक्ष्मी हिने लढाईत पडलेल्या राम या भावासाठी येथे मंदिर उभारल्याचे 1240 सालचा लेख सांगतो. तेही स्मारक आणि गावकुसाबाहेरचा वीरगळ हेही स्मारक, मात्र लेखिकेने पहिले ‘कला’ या प्रकरणात आणि दुसरे ‘लोकजीवन’ या प्रकरणात घातले आहे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) :
दोन्ही एकाच प्रकरणात घ्यायला सांगा. शीर्षकात ‘दृश्यसंस्कृती’ ठेवायचे असेल, तर एवढे तरी करावेच लागेल.