मदत हवी आहे: ८०० चा क्लास ऐनवेळी १२०० मध्ये घातला, पॉइंट परत मिळतील काय?

लाल_माती_८००
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. शनिवारी संध्याकाळी क्लबची मीटिंग आहे, त्याच्या आत पत्र द्यायचंय. मी गाड्यांच्या शर्यतीत ८०० सीसीच्या क्लासला (गटाला) पळवतो, पहिले तिन्ही राउंड पहिला आलो. परवाच्या चौथ्या राउंडला आमचा क्लास उचलून १२०० मध्ये घातला आणि तिथं मी चौथा. पंचवीसच्या जागी बारा पॉइंट. आता ओव्हरऑलला (सगळे क्लास मिळून) माझे ८७ आणि पुढच्याचे ९३, नाहीतर माझे शंभर झाले असते. बारीक गाडी आहे म्हणून बारीक क्लासला एंट्री भरली, मग सकाळी उठून मोठ्यांच्यात ढकलायचं हे बरोबर आहे काय? विचारलं तर सगळे म्हणालेत नियमात आहे. प्रोटेस्टचं, म्हणजे निकालावर हरकतीचं, पत्र कसं लिहायचं एवढंच सांगा, कुणाकडं मसुदा असला तर टाका.

उद्यमबाग_टर्नर
कशाचं बोलालास भावा? ऑटोक्रॉस का डर्ट ट्रॅक? मातीवर का डांबरावर? तुझी गाडी कुठली, पुढच्याची कुठली? काहीच सांगितलं नाहीस.

लाल_माती_८००
ऑटोक्रॉस. खानापूर रोडला एक पड रान आहे तिथं, लाल मातीवर, प्लास्टिकचे कोन लावून वाट आखतात आणि प्रत्येकाची वेळ मोजतात. माझी अल्टो, ७९६ सीसी. पुढचा पोलो पळवतो, एक लिटरची टीएसआय. पण त्याच्याशी माझं भांडण नाही, पत्राचं सांगा.

पंचगंगा_टर्बो
थांबा थांबा. एक लिटरची टीएसआय १२०० च्या क्लासमध्ये बसलीच कशी? टर्बो आहे ती! एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संस्था) नियमात टर्बो पेट्रोल इंजिनाची सीसी १.७ ने गुणतात, मग क्लास ठरतो. ९९९ गुणिले १.७ म्हणजे १६९८. ती गाडी १६०० च्याही वर जाते आणि तुमच्याकडं ती साध्या १२०० च्या स्विफ्टबरोबर उभी. नुसती सीसी बघून क्लास करायचे दिवस गेले, टर्बो हवा दाबून भरतो, तेवढ्याच सिलिंडरात जास्त पेट्रोल जळतं. ११० पीएस कुठं आणि अल्टोचे ४८ कुठं. तू क्लास एकत्र केल्याचं धरून बसलायस, खरा अन्याय १२०० वाल्यांवर चाललाय. पत्रात हेच लिही.

लाल_माती_८००
दादा तुमचं बरोबर असेल पण ते १२०० वाल्यांनी बघावं. तो आपल्या क्लासला जिंकतो, मी माझ्या. माझा क्लास का मोडला एवढंच माझं म्हणणं आहे.

कोन_मोजणारा
सगळ्या क्लासच्या भानगडीवर एकच औषध, इंडेक्स. अमेरिकेत एससीसीए या क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये पॅक्स म्हणून पद्धत आहे, प्रत्येक क्लासला एक आकडा असतो, आपल्या वेळेला त्यानं गुणायचं. समजा अल्टोला ०.९० आणि पोलोला ०.९६ धरला. तुझा टाइम किती, त्याचा किती? मी काढून देतो.

लाल_माती_८००
माझा बेस्ट ६२.४, त्याचा ५८.९.

कोन_मोजणारा
मग तुझे ५६.१६ आणि त्याचे ५६.५४. बघ, तू पुढं! क्लासला दोन गाड्या आल्या काय आणि दहा काय, फरकच पडत नाही.

पंचगंगा_टर्बो
आणि ते ०.९० कुणी ठरवलं? तुम्ही आत्ता. अल्टोला ०.९१ धरला तर ५६.७८ होतात आणि पोलो पुढं जाते. तिथले आकडे डांबरी आणि काँक्रीटच्या मैदानांवरचे, वर्षानुवर्षांचे निकाल बघून काढलेले. आपल्याकडं अल्टो लाल मातीत पुढची चाकं घसरवत वळते, तिथं तो आकडा काय कामाचा? निकाल लागल्यावर इंडेक्स लावायचा म्हणजे ज्याला जिंकवायचंय त्याला जिंकवता येतं.

कोन_मोजणारा
निकालानंतर लावा असं मी कुठं म्हटलं, पुढच्या सीझनचं बोलतोय. आणि ६२.४ मध्ये कोन हलवल्याची पेनल्टी आहे काय?

लाल_माती_८००
हो, एक कोन. दोन सेकंद धरून ६२.४. तिसऱ्याचा ६१.८ होता. पण तो कोन पडला नव्हता, सरकला होता. फक्कीची चौकट मारलेली पण चार गाड्या गेल्यावर फक्की पार धुरळ्यात मिसळली, चौकटीच्या बाहेर गेला का आत राहिला ते कुणाला दिसणार? मार्शलनं हात वर केला, संपलं.

चिकोडी_एक्सप्रेस
मग कोनचाच प्रोटेस्ट टाक की! दोन सेकंद गेले तर ६०.४, तिसरा आलास, पंधरा पॉइंट.

टायमिंग_टेबल
कोनचं सोडा, मार्शलनं जागेवर दिलेला निर्णय सहसा फिरत नाही. मी दुसऱ्या एका क्लबला टायमिंगला बसते त्यामुळे विचारते, नीट उत्तरं द्या. नियमाच्या कागदात क्लास एकत्र करण्याचं वाक्य नेमकं काय आहे, शब्दाला शब्द? तुमच्या क्लासला एंट्री किती आल्या होत्या आणि स्टार्टला गाड्या किती उभ्या राहिल्या? निकाल कधी लावला आणि त्यावर प्रोव्हिजनल (तात्पुरता) लिहिलंय की फायनल? आणि हा क्लबचा आपसातला कार्यक्रम आहे की एफएमएससीआयच्या (देशातली मोटरस्पोर्ट संघटना) परमिटवरचा? हे कळल्याशिवाय मसुदा लिहून उपयोग नाही.

अड्ड्यावरचा
मला गाड्यातलं जास्त कळत नाही पण आमच्या बैलगाडी शर्यतीत दात बघून गट करतात. आदत वेगळे, दुसा वेगळे, चौसा वेगळे, मग ओपन. आदतच्या दोनच जोड्या आल्या म्हणून वासरं ओपनच्या बैलांबरोबर जुंपायची असं कुणी करत नाही. बक्षीस कमी देतील, पण गट मोडत नाहीत. दहा वर्षं अड्ड्यावर झेंडा धरतोय, वासरू मोठ्या बैलाशेजारी उभं केलं की बिथरतं आणि कायमचं बाद होतं. नव्या पोराचंही तसंच, एकदा असं हरवलं की पुढच्या वर्षी ते पोरगं येत नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
अण्णा बैलांचं इथं कशाला.

उद्यमबाग_टर्नर
राहू दे की, बरोबर बोललेत. बक्षीस कमी करा पण गट मोडू नका.

लाल_माती_८००
ताई, कागद समोर घेऊन बसलोय. वाक्य असं आहे: "एखाद्या क्लासमध्ये तीनपेक्षा कमी एंट्री आल्यास तो क्लास पुढील क्लासमध्ये समाविष्ट करण्यात येईल." एंट्री तीन होत्या, माझी, संकेश्वरच्या एकाची अल्टो आणि एक जुनी मारुती ८००. ती मारुती स्क्रुटिनीला (शर्यतीआधीच्या गाडी तपासणीला) बाद झाली, बॅटरीला पट्टी नव्हती, वायरनं बांधलेली, हलवली की डुलायची. मग दोनच राहिलो. निकाल पाचच्या सुमारास टेम्पोच्या दाराला चिकटवला म्हणे, मी तोवर निघालो होतो. फोटोत प्रोव्हिजनल लिहिलंय, टाइम घातलेला नाही. परमिट वगैरे नाही, क्लबचा आपसातलाच आहे.

टायमिंग_टेबल
अहो मग हे आधी सांगायचं ना! एंट्री तीन आल्या होत्या. कागदात "एंट्री आल्यास" आहे, "स्टार्ट घेतल्यास" नाही. फी भरून घेतली, नंबर दिला, म्हणजे एंट्री आली. गाडी नंतर स्क्रुटिनीत बाद झाली हा पुढचा भाग. तुमच्याच कागदाप्रमाणे क्लास मोडायला नको होता.

पंचगंगा_टर्बो
असं शब्दाला धरून चालत नाही ओ ताई. तीनची अट कशासाठी असते? एकट्यानं यायचं, कोनामधून एक चक्कर मारायची आणि पंचवीस पॉइंट खिशात घालायचे, हे होऊ नये म्हणून. दहा गाड्यांच्या क्लासमध्ये घाम गाळून पहिला येणाऱ्यालाही पंचवीस आणि दोघांत पहिला येणाऱ्यालाही पंचवीस, हे न्यायाचं आहे काय? बारीक क्लासवाल्यानं ओव्हरऑल ट्रॉफीवर डोळा ठेवूच नये.

टायमिंग_टेबल
का ठेवू नये? ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये १९८९ ला जॉन क्लेलँड बारीक क्लासची ॲस्ट्रा घेऊन चॅम्पियन झाला, शर्यतीत पुढं मोठ्या क्लासच्या सिएरा आरएस ५०० असायच्या, पण पॉइंट आपापल्या क्लासमधले होते. नियम सीझनच्या आधी सगळ्यांना माहीत असले की झालं. दोन गाड्यांना पंचवीस जास्त वाटत असतील तर अर्धे पॉइंट द्या असं पुढच्या वर्षी लिहा. ७९६ सीसीला ११० पीएसच्या शेजारी उभं करून चौथा ठरवणं हे त्यावरचं उत्तर नाही.

उद्यमबाग_टर्नर
अर्धे पॉइंट मला पटतंय.

चिकोडी_एक्सप्रेस
पण प्रोटेस्टला निकाल लागल्यापासून अर्धा तास असतो. परवाचं आज काढून काय उपयोग? मुदत गेली.

टायमिंग_टेबल
अर्धा तास एफआयएच्या कोडमध्ये आहे, यांच्या कागदात आहे काय? आणि असला तरी मोजायचा कुठून, निकालावर वेळच नाही. म्हणून "प्रोटेस्ट" शब्द लिहू नका. "प्रोव्हिजनल निकालात दुरुस्तीची विनंती" असं लिहा, क्लबला मान्य करायला सोपं जातं.

निपाणीकर_के१०
एक विचारू का, सीझनला राउंड किती? सगळे धरतात का एखादा सोडतात?

लाल_माती_८००
पाच. बेस्ट चार धरतात. पाचवा राउंड वळीव यायच्या आत घ्यायचा म्हणून पुढच्याच रविवारी आहे.

निपाणीकर_के१०
अरे देवा, मग तुझे बारा गळूनच जाणार की! पाचव्याला जिंकलास तर चार पंचवीस, शंभर.

कोन_मोजणारा
आणि त्याचे? १८, २५, २५, २५ असणार, तेव्हाच ९३ होतात. तोही पाचवा जिंकला तर अठरा गळले, शंभर. टाय! विजय चार-चार. मग दुसऱ्या नंबरावर गेलं तर त्याच्याकडं एक आहे, तुझ्याकडं चौथा आहे. तू गेलास. १९८८ ला एफ-वनमध्ये बेस्ट अकरा धरायचे, प्रोस्ट आणि सेना या ड्रायव्हरांत प्रोस्टचे एकूण १०५ आणि सेनाचे ९४, पण धरलेले प्रोस्टचे ८७ आणि सेनाचे ९०. चॅम्पियन सेना. गळणारा राउंड असा बाजी फिरवतो. तुझा चौथा राउंड परत विजय धरला तर तुझे पाच विजय, त्याचे चार, प्रश्न मिटला.

टायमिंग_टेबल
म्हणजे पत्र द्यायलाच हवं. आणि पाचव्यालाही दोनच गाड्या राहिल्या तर परत हेच होणार, त्याचाही विचार करा.

निपाणीकर_के१०
कुणाची तरी अल्टो आणून तिसरी उभी कर, एंट्री फी तू भर.

लाल_माती_८००
नाही, तसं नको. आकडा भरायला गाडी आणली तर मग मी कुठल्या तोंडानं न्याय मागू? पळवणारा माणूस पाहिजे. मारुतीवाल्या पोराला आत्ताच फोन केला. तो म्हणाला फीची पावती अजून गाडीतच आहे, फोटो पाठवला. पावतीवर एंट्री नंबर १९, क्लास ८००, क्लबचा शिक्का. त्याला परत यायचंय, पण बॅटरीची पट्टी मिळेना, जुन्या ट्रेचे कान गंजून तुटलेत. दुकानात तयार मिळते ती बसत नाही.

टायमिंग_टेबल
पावतीची झेरॉक्स पत्राला जोडा. पत्र चार ओळींचं ठेवा: नियमाचं वाक्य जसंच्या तसं, तीन एंट्री आल्या होत्या हे, पावती सोबत, आणि चौथ्या राउंडला ८०० क्लासचा निकाल वेगळा लावावा ही विनंती. पोलोचं, कोनचं, इंडेक्सचं काही नको. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या.

पंचगंगा_टर्बो
माझं मत बदललं नाही, पण कागदावर एंट्री लिहिलंय तर एंट्रीच धरली पाहिजे. टर्बोचं मी वेगळं पत्र देणार आहे, १२०० वाल्या दोघांशी बोललोय.

उद्यमबाग_टर्नर
त्या पोराला म्हणावं ट्रे आणि बॅटरी दोन्ही घेऊन ये. तीन एमएमची पट्टी वाकवून दोन्ही बाजूला आठचे बोल्ट देतो, खाली ट्रेला नवे कान वेल्ड करतो, तासाभराचं काम आहे. पट्टीखाली रबर घालायचं, नाहीतर बॅटरीच्या टर्मिनलला लागून शॉर्ट होईल. पैसे नकोत.

लाल_माती_८००
अण्णा लई उपकार झाले. उद्या तुम्ही किती वाजता उघडता? तो सकाळी संकेश्वरहून येणाऱ्या अल्टोवाल्याबरोबरच येतो म्हणतोय, मी पण येतो, पत्र तिथंच लिहून काढतो.

उद्यमबाग_टर्नर
साडेआठला. पोराला म्हणावं बॅटरीचं माप घेऊ नको, बॅटरीच आण.