मशीन-भरतकामात देवनागरी अक्षरं शिरोरेघेपासून सुटतात, काय करू?

सुईदोरा:

नमस्कार मंडळी. हाताने भरतकाम करून मला वीस-बावीस वर्षं झाली. साखळी, गव्हाचा टाका, काश्मिरी टाका डोळे मिटून घालते. दोन महिन्यांपूर्वी एका सुईचं भरतकामाचं मशीन घेतलं, फ्रेम १०० × १०० मिमीची. मशीनशी गट्टी जमली, पण डिजिटायझिंगने, म्हणजे चित्राचे मशीनसाठी टाके आखण्याने, रडकुंडीला आणलंय.

काम म्हटलं तर एवढंसंच. आमच्या वाचकगटाच्या कापडी पिशव्यांवर ‘अक्षरमैत्री’ हा शब्द, ७० मिमी रुंद, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘वाचक मंडळ’.

आधी मशीनबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाइप केला. ‘त्री’चा पाय मोडका त आणि त्याच्या शेजारी परक्यासारखी उभी ‘री’! ‘क्ष’चेही तसेच दोन तुकडे. मग शब्दाचं चित्र देऊन ‘आपोआप टाके’वालं बटण दाबलं. त्याने अख्ख्या शब्दात एकाच तिरक्या दिशेने भराव घातला, शिरोरेघेची कड करवतीसारखी केली आणि चाळीसेक ठिकाणी दोरा कापला. मशीन शिवतंय कमी आणि थांबतंय जास्त.

शेवटी चित्रं काढायचं इंकस्केप आणि त्यावर चालणारं भरतकामाचं इंकस्टिच, दोन्ही फुकट आहेत, ते उतरवून घेतलं. सॅटिन कॉलम, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत लागून लागून टाके घातलेली पट्टी, कसा काढायचा ते शिकले: दोन कडांच्या दोन रेघा, रुळांसारख्या, आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. पट्ट्या सांगतात टाका कोणत्या दिशेने वळवायचा. हे मला पटकन कळलं, कारण हाताने पान भरताना आपण हेच करतो, फक्त मनात.

पडद्यावर शब्द देखणा दिसतो. शिवला की अक्षरं शिरोरेघेपासून सुटतात. आधी शिरोरेघ शिवते, मग डावीकडून उजवीकडे अक्षरं. ‘अ’पाशी फट दिसत नाही, ‘र’पाशी जाणवते, ‘त्री’पाशी तर सुईचं टोक आत जाईल एवढी आहे. दांडीवर वाळत घातलेले कपडे एकेक करून घसरावेत तसा शब्द दिसतो. डेन्सिटी, म्हणजे टाक्यांच्या ओळींमधलं अंतर, ०.४ मिमी, दोरा ४० नंबरचा, खाली फाडून काढायचा बॅकिंग पेपर एक घडी.

आणि ‘वाचक मंडळ’बद्दल तर विचारूच नका. मुंग्यांची रांग!

काना_मात्रा:

जोडाक्षरांचं आधी सांगतो. दोष तुमचा नाही. देवनागरीत टाइप केलेलं आणि दिसणारं यांचा क्रम वेगळा असतो. ‘चित्र’ लिहिताना च आधी आणि वेलांटी नंतर टाइप होते, पण दिसायला वेलांटी आधी हवी. ही अदलाबदल आणि जोडाक्षराचा नवा आकार शोधणं हे काम एक वेगळा भाग करतो, आणि भरतकामाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो नसतो. इंकस्केपमध्ये आहे. म्हणून शब्द तिथेच युनिकोडमध्ये टाइप करा, फॉन्ट निवडा आणि कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून त्याचा पाथ करा. मग तो मजकूर राहत नाही, नुसता आकार होतो, आणि आकार कुठेही फुटत नाही.

त्या आकारावर सरळ भराव मात्र घालू नका. तो ट्रेसिंग पेपरखालच्या नक्षीसारखा ठेवा आणि वरून आपले सॅटिन कॉलम काढा. फॉन्ट ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ नावाच्या फॉन्टसारखा, सगळीकडे साधारण एकाच जाडीचा घ्या. बोरूच्या वळणाचा, जाड-बारीक रेघांचा फॉन्ट कागदावर सुंदर दिसतो, पण त्याची बारीक टोकं सॅटिनला पेलत नाहीत. तसा हवाच असेल तर मोठ्या आकारात.

 

फ्रेमवाला:

ताई, मी जॉबवर्कच्या मशीनवर नऊ वर्षं काढली आहेत. तुमच्या लिहिण्यातली एकच गोष्ट पकडतो: फट वाढत जाते. सगळीकडे सारखी असती तर म्हटलं असतं, आकडा चुकलाय. ‘अ’पाशी नाही आणि ‘त्री’पाशी सुईएवढी, म्हणजे कापड फ्रेममध्ये सरकतंय. प्रत्येक अक्षर कापड थोडं थोडं ओढतं आणि ती उधारी शेवटच्या अक्षरावर फिटते. पिशवीचं कापड जाड असतं, फ्रेमचा स्क्रू आवळला तरी शिवणीपाशी पकड सैल राहते. बॅकिंगसकट फ्रेममध्ये घ्या. टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजावं, पण ताणून विणीचे चौकोन वाकडे होऊ देऊ नका. फ्रेममध्ये घेतल्यावर कापड ओढून ताठ करायची हातकामाची सवय इथे नडते. फ्रेम सोडली की ते परत आकसतं आणि अक्षराभोवती चुण्या पडतात.

आता दुसरी गोष्ट, ही सॉफ्टवेअरमधली. टाका कापडाला आपल्या लांबीच्या दिशेने आत ओढतो आणि टाक्यांची रांग ज्या दिशेने पुढे सरकते तिकडे कापड बाहेर ढकलतो. कान्यात टाके आडवे असतात, म्हणून काना शिवल्यावर बारीक होतो आणि किंचित लांबतो. शिरोरेघेत टाके उभे, म्हणून ती चपटी होते आणि तिची टोकं पुढे जातात. २ मिमी काढलेली रेघ कापडावर पावणेदोन उतरते. वरून थोडी गेली, खालून थोडी गेली, आणि तुम्ही अक्षरं नेमकी तिच्या खालच्या कडेला टेकवून काढली असतील तर फट पडणारच.

हे पडद्यावर दिसत नाही. सिम्युलेटर टाक्यांचा क्रम दाखवतो, कापडाची ओढ दाखवत नाही. बरोबर शिवून यायचं असेल तर पडद्यावर थोडं चुकीचंच काढावं लागतं.

म्हणून प्रत्येक कान्याचं आणि प्रत्येक मानेचं (अक्षर जिथे शिरोरेघेला लटकतं त्या आखूड रेघेचं) वरचं टोक शिरोरेघेच्या निम्म्या जाडीपर्यंत आत घुसवा. आणि शिरोरेघ शेवटी शिवा, एका दमात. आपण वहीत लिहितानाही अक्षरं आधी काढतो आणि वरची रेघ शेवटी ओढतो, तसंच. ती सगळी टोकं झाकून टाकते. पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे ही ओढ भरून काढणारी जादा रुंदी, दोन्ही बाजूंना ०.१५ ते ०.२ मिमी द्या. शिरोरेघेची दोन्ही टोकं मात्र पाव-पाव मिलिमीटर आखूड काढा, ती आपली आपण लांबतात.

अंडरले म्हणजे सॅटिनच्या आधी खाली घालायचे आधाराचे टाके; त्याशिवाय सॅटिन म्हणजे पायाशिवाय भिंत. अडीच मिमीच्या कान्याला कडेकडेने जाणारा धावदोरा द्या. शिरोरेघेला फक्त मधोमध एक, कारण तिच्याखाली आधीच कान्यांची टोकं आहेत. तिथे आणखी थर दिले तर सुई ठकठक वाजते आणि दोरा तुटतो.

‘अ’च्या पोटाच्या वळणावर आतली कड लहान आणि बाहेरची मोठी. आतल्या बाजूला सगळे टाके एकाच भोकाशी गर्दी करतात. तिथे एकाआड एक टाका थोडा आखूड ठेवायची सोय असते, ती चालू करा.

हे सगळं पिशवीवर करण्याआधी तसल्याच कापडाच्या तुकड्यावर २० × २० मिमीचा भरीव चौकोन शिवा, टाके आडवे. फूटपट्टी लावा आणि आकडे इथे लिहा.

उलटी_बाजू:

फ्रेमवालादादांचं बहुतेक पटलं, शिरोरेघ शेवटी हे सरसकट पटलं नाही. पाच-सहा अक्षरांचा शब्द असेल तर ठीक. लांब शब्दात, आणि टीशर्टसारख्या ताणणाऱ्या कापडावर, शेवटच्या रेघेपर्यंत अक्षरं आपापल्या जागेवरून हललेली असतात. मग ती रेघ कुठे झाकते, कुठे चुकते. मी आधी शिरोरेघेच्या जागी नुसता धावदोरा मारते, शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अडीच मिमीच्या टाक्याने. कापड बॅकिंगला टाचलं जातं. मग अक्षरं, मग त्याच धावदोऱ्यावर सॅटिन. टीशर्ट असेल तर बॅकिंगही फाडायचं नाही, कापून काढायचं घ्यायचं.

आणि ताई, पुढच्या वेळी उलट्या बाजूचाही फोटो टाका. सॅटिनच्या मागे मधोमध साधारण एक-तृतीयांश बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा दिसायला हवा, दोन्ही कडांना वरचा. तसा नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये कितीही आकडे फिरवा.

फ्रेमवाला:

टीशर्टचं मान्य. पहिला धावदोरा तर पिशवीलाही चालेल, माझ्याकडून राहिलं सांगायचं.

सुईदोरा:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चौकोन शिवला. आडव्या दिशेने १९.३, उभ्या दिशेने २०.३. मी तीनदा मोजलं, कारण पडद्यावर तो अगदी चौकोनी होता! हातकामात आपण प्रत्येक टाक्यानंतर कापड बघतो आणि पुढचा टाका त्यावर ठरवतो. इथे दोन-अडीच हजार टाके आधीच ठरवून मोकळं व्हायचं. हा बदल अंगवळणी पडायला वेळ लागेल.

काल रात्री बसून शब्द नव्याने काढला. ‘मै’चा काना वर शिरोरेघेत घुसवला, ‘र’ची मान घुसवली, ‘क्ष’ला तर चार कॉलम लागले. त्याची गाठ एका कॉलममध्ये काढायचा हट्ट धरला होता, टाके मधूनच उलटे फिरत होते. सोडला हट्ट. आधी धावदोरा, मग अक्षरं, मग शिरोरेघ. ट्रिम, म्हणजे दोरा कापायच्या जागा, चाळीसवरून सातवर आले, कारण एक कॉलम जिथे संपतो तिथूनच पुढचा सुरू होईल असा क्रम लावला आणि मधला प्रवास पुढच्या सॅटिनखाली लपवला.

फट गेली! ‘त्री’पाशीसुद्धा.

उलट बाजू पाहिली. बॉबिनचा दोरा जेमतेम केसाएवढा दिसत होता, म्हणजे वरचा ताण सैल होता. अर्धा आकडा वाढवला. पुढची बाजू लगेच घट्ट आणि चकचकीत दिसायला लागली. ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भरतकामाची उलटी बाजूच आधी बघत आले.

पण ‘वाचक मंडळ’ अजून मुंगीच. शिरोरेघेपासून तळापर्यंत ६ मिमी ठेवलंय. ‘मं’वरचा अनुस्वार म्हणजे गाठ झाली आहे आणि ‘ळ’च्या दोन्ही वाट्या भरून गेल्या.

काना_मात्रा:

६ मिमीत ४० नंबरच्या दोऱ्याने देवनागरी नको. रोमन कॅपिटल अक्षरं त्या मापात कशीबशी निभतात, आपल्याकडे वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. काय काय बसवणार?

फ्रेमवाला:

दोन वाटा आहेत. एक, ६० नंबरचा बारीक दोरा आणि ६५/९ ची सुई. कॉलम १ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका, डेन्सिटी थोडी मोकळी करा. दोन, सॅटिनच सोडा आणि अक्षर एका रेघेत काढून त्यावर तिहेरी धावदोरा चालवा, पुढे-मागे-पुढे. वळणदार हस्ताक्षरासारखं दिसतं आणि भोकं बुजत नाहीत. तुमच्या पिशवीला मी दुसरी घेईन.

अनुस्वार गोल काढू नका. १.३ मिमीचा आखूड सॅटिन काढा, त्याला अंडरले नको. कापडावर तो आपोआप गोल दिसतो. इतक्या लहान ठिपक्याच्या दोन्ही टोकांना पक्क्या गाठी बसल्या की ढेकूळ होतं, तेव्हा गाठीचे टाके कमीत कमी ठेवा.

आणि ती फाइल मशीनवर नेल्यावर लहान-मोठी करू नका. डीएसटी किंवा पीईएस या मशीनसाठीच्या फाइलींमध्ये बहुतेक नुसते टाकेच असतात. मशीनवर ताणलं की बहुतेक वेळा टाके तेवढेच राहतात आणि विरळ होतात, आकसलं की कोंबले जातात. माप बदलायचं तर इंकस्केपमधल्या मूळ चित्राच्या फाइलीत, म्हणजे एसव्हीजीत, आणि तिथून पुन्हा फाइल काढायची. एसव्हीजी जपून ठेवा.

सुईदोरा:

तिहेरी धावदोऱ्याने केलं, ९ मिमीत. ‘ळ’च्या वाट्या आतून १.६ मिमी काढल्या होत्या, कापडावर १.२ उतरल्या, पण उघड्या आहेत. ‘वाचक’ तर माझ्या आईच्या अक्षरासारखं आलं.

एसव्हीजीबद्दल थोडा उशीर झाला, पहिल्या ‘अक्षरमैत्री’ची मी फक्त डीएसटीच ठेवली होती. गेली ती. दुसरी जपली आहे. आता पिशव्या शिवायला घेते, एकूण अकरा आहेत, पहिलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो उद्या टाकते.