सर्व्हरसाइड शिकताना आधी एसक्यूएल की आधी फ्रेमवर्क?

धागाकर्ता
नव्याने वेब शिकणाऱ्यांचा कोड तपासताना एक गोष्ट सारखी खटकते. जँगो किंवा लारावेल अशा फ्रेमवर्कवर (साइटचा तयार सांगाडा) दोन दिवसांत लॉगिनसकट साइट उभी असते, पण डेटाबेसकडे नेमकी कुठली क्वेरी (एसक्यूएल या भाषेतली विचारणा) गेली हे विचारलं की गाडी अडते. माझं मत: पहिले दोन महिने ओआरएमला (आपल्या कोडवरून एसक्यूएल आपोआप तयार करणारा फ्रेमवर्कचा भाग) हात लावू नये. एसक्यूलाइट किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस घ्या, वाचनालयाची चार टेबलं करा (पुस्तक, लेखक, सभासद, देवघेव) आणि जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गट पाडून मोजणं), इंडेक्स (शोधसूची), ट्रान्झॅक्शन (एकत्रच होणारे किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) हाताने लिहा.

समजा, पानावर 200 पुस्तकं दाखवायची आहेत, प्रत्येकापुढे लेखकाचं नाव. ओआरएममध्ये साधा लूप फिरवला की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात यादीची एक आणि लेखकांच्या 200, अशा 201 क्वेऱ्या जातात. लॅपटॉपवर दहा ओळींचा डेटा असतो तेव्हा हे जाणवतही नाही. ज्याने जॉइन लिहिलाय त्याला तो लूप बघताच शंका येते. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (डेटा एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत मांडायची पद्धत) 1970 साली मांडलं. फ्रेमवर्क बदलत राहिली, हा पाया तसाच आहे.

प्रतिसाद १
साफ असहमत. दोन महिने नुसती टेबलं करायला लावलीत तर निम्मे लोक शिकणंच सोडतील. मीही एकदा सोडलं होतं. पुढे जँगो घेतलं, फॉर्म भरला, ते नाव डेटाबेसमध्ये जाऊन पानावर परत आलं, आणि त्या दिवशी मला सर्व्हर म्हणजे काय ते कळलं.

दुसरं, सुरक्षितता. नवशिका सर्च बॉक्समधला मजकूर सरळ क्वेरीच्या स्ट्रिंगला चिकटवतो. कुणी त्यात एक अवतरणचिन्ह टाकलं की क्वेरी मोडते, आणि जाणूनबुजून टाकणाऱ्याला आख्खं टेबल मोकळं. ओआरएम व्हॅल्यू वेगळ्या पाठवतं. पासवर्ड हॅश करणं (मूळ पासवर्ड ओळखता येणार नाही अशा रूपात साठवणं), सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण) हेही जँगोत तयार मिळतं. शिकाऊ माणसाकडून हे सगळं हाताने बरोबर होईल ही अपेक्षाच चूक आहे.

धागाकर्ता
इंजेक्शनचा (असं बाहेरून क्वेरीत घुसडण्याचा) धोका खराच. पण प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि व्हॅल्यू वेगळ्या पाठवणं) शिकवायला एक तास पुरतो. आणि ओआरएममध्येही कधीतरी रॉ क्वेरी (हाताने लिहिलेलं एसक्यूएल) लिहावी लागते. हा धोका माहीत नसलेला माणूस नेमका तिथेच स्ट्रिंग जोडतो.

प्रतिसाद २
एका पुस्तकाची शेवटची प्रत दोघांनी एकाच क्षणी मागितली तर? कोड आधी ‘प्रत शिल्लक आहे का’ बघतो, मग नोंद करतो. दोघांनाही ‘आहे’ असं उत्तर मिळतं आणि दोघांच्याही नावावर नोंद होते. हे फ्रेमवर्कमध्ये आपोआप सुटत नाही, आणि महिनाभर सिलेक्ट (डेटा वाचणाऱ्या क्वेऱ्या) लिहूनही सुचत नाही. पोस्टग्रेसमध्ये, परत केल्याची तारीख रिकामी आहे अशा नोंदींपुरता प्रत-क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारा) लावा. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. नियम डेटाबेसमध्ये असावा की कोडमध्ये, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच पडायला हवा.

प्रतिसाद १
हे पटलं, आणि हा इंडेक्स जँगोच्या मॉडेलमध्येही लिहिता येतो. तिथे तो मायग्रेशन फाइलमध्ये (टेबलांतल्या बदलांची नोंद ठेवणारी फाइल) नोंदला जातो. हाताने टेबल बदलणाऱ्याचं काय होतं तेही सांगा ना: स्वतःच्या मशीनवर नवा कॉलम टाकतो, सर्व्हरवर टाकायला विसरतो आणि साइट बंद पडते. माझा उपाय असा: फ्रेमवर्क पहिल्या दिवसापासून, पण क्वेरी लॉग (डेटाबेसकडे गेलेल्या क्वेऱ्यांची यादी) कायम उघडा. तुमच्या 201 ओळी तिथे डोळ्यांसमोर येतील. मग सिलेक्ट-रिलेटेड (जँगोला जॉइन करायला सांगणारी सोय) लावायचं आणि एकच ओळ उरलेली बघायची.

धागाकर्ता
लॉगची कल्पना मी उचलतो, दोन महिन्यांचे दोन आठवडे करायलाही तयार आहे. पण ते दोन आठवडे आधीच हवेत. लॉगमधला जॉइन वाचता येत नसेल, तर एक ओळ काय आणि 201 काय, त्याला दोन्ही सारख्याच दिसणार.