कपाटात ठेवलेल्या सिलिकॉन डायोडचं डिप्लिशन व्होल्टेज का वाढतंय?

ऐरोली_लॅब: किरणोत्सर्ग टिपणारा एन-टाइप पॅड डायोड, १ चौ. सेंमी, जाडी ३०० मायक्रॉन. फ्लुएन्स (दर चौ. सेंमीवर पडलेले कण) ५×१०^१३ प्रति चौ. सेंमी (१ एमईव्ही न्यूट्रॉनच्या हिशोबात). आधी ७० व्होल्टला पूर्ण डिप्लीट व्हायचा (पूर्ण जाडीतले मोकळे वाहक निघून जायचे). किरणोत्सर्गानंतर आठवड्याने मोजला तर ५०. मार्च ते मे कपाटात होता, आता १५० लागतात. ३० अंशाला लीकेज (उलट व्होल्टेजला गळणारा करंट) ११५ मायक्रोअँपिअर. गार्ड रिंग (कडेचा करंट वेगळा काढणारं वलय) ग्राउंड केलेली आहे. कुठे बिघडलं?

वाशी_डिटेक्टर: लीकेजमध्ये काही बिघाड नाही. वाढीव करंट = अल्फा (किरणोत्सर्गाच्या नुकसानीचा गुणक) × फ्लुएन्स × आकारमान. ६० अंशाला ८० मिनिटं ठेवल्यानंतरचा अल्फा ४×१०^-१७ अँपिअर प्रति सेंमी, २० अंशाला मोजलेला. आकारमान ०.०३ घन सेंमी, म्हणजे ६० मायक्रोअँपिअर. ३० अंशाचा करंट २० अंशापेक्षा सुमारे २.३५ पट असतो, म्हणून तुमचे ११५ म्हणजे २० अंशाला ४९. कमी आले, कारण करंट अ‍ॅनीलिंगने (उष्णतेने दोष बदलत जाण्याने) उतरत राहतो.

व्होल्टेजचं गणित वेगळं. डोनर (इलेक्ट्रॉन देणारी अशुद्धी) निकामी होतात, अ‍ॅक्सेप्टरसारखे (इलेक्ट्रॉन धरणारे) दोष वाढतात आणि या फ्लुएन्सला एन-टाइप बल्क (आतलं सिलिकॉन) पी-टाइपसारखं वागू लागतं, हेच इन्व्हर्जन. पहिले काही दिवस अ‍ॅनीलिंगने व्होल्टेज उतरतं, मग रिव्हर्स अ‍ॅनीलिंग सुरू होऊन महिनोन्‌महिने चढतं. २० अंशाला ते वर्षभर रेंगाळतं, आपल्याकडच्या ३० अंशाला पाचेक पट वेगाने होतं. शून्याखाली जवळजवळ गोठतं. डायोड फ्रीजरमध्येच हवा होता.

ऐरोली_लॅब: मग आता उणे २० ला मोजू का? आणि झालेलं उलटवता येईल?

खारघर_सेमी: रिव्हर्स अ‍ॅनीलिंग उलटवता येत नाही, पुढचं फक्त थांबवता येतं. उणे २० ला जरूर मोजा, करंट २० अंशाच्या साठाव्या हिश्शावर, म्हणजे ०.८ मायक्रोअँपिअरवर येईल. पण जुलैत इथे दवबिंदू २५ अंशाच्या आसपास असतो. आधी बॉक्समध्ये कोरडा नायट्रोजन सोडा, आतला दवबिंदू उणे ३० च्या खाली गेला की मगच थंड करा. नाहीतर कडेवर पाणी साचून पृष्ठभागाचा करंट वाढतो आणि तो बल्कचा वाटतो. बाहेर काढताना बंद बॉक्समध्येच खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

सी-व्ही (व्होल्टेजनुसार कॅपॅसिटन्स) मोजमापाची फ्रिक्वेन्सी आणि तापमान दर वेळी तेच ठेवा. किरणोत्सर्ग झालेल्या डायोडमध्ये ट्रॅप्समुळे (वाहक अडकवणाऱ्या दोषांमुळे) कॅपॅसिटन्स दोन्हींवर अवलंबून असतो. १० किलोहर्ट्झ, २० अंश किंवा १ किलोहर्ट्झ, उणे २०, यांतलं एक धरा.

वाशी_डिटेक्टर: स्ट्रिप डिटेक्टर (अरुंद पट्ट्यांत विभागलेला) असता तर १५० व्होल्टचा त्रास जास्त झाला असता. इन्व्हर्जननंतर डिप्लिशन मागच्या बाजूने वाढतं. बायस (लावलेलं व्होल्टेज) अपुरा पडला तर स्ट्रिपखालचा भाग अनडिप्लीट राहतो, सिग्नल पसरतो आणि घटतो. म्हणून एलएचसी या कण-त्वरकाच्या नव्या ट्रॅकरमध्ये एन-इन-पी (पी-टाइप बल्कवर एन-टाइप स्ट्रिप) सेन्सर घेतले आहेत.