अनुभव धागा : मानवी हक्कांवरचे सिनेमे, महोत्सव आणि आपण

सायलेंट_मोड :
एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून टॅक्सीवाले कुठून कुठे नेतात देव जाणे. परवा सयानी रोडवर अडकलो आणि समोर भूपेश गुप्ता भवन! लेकीला म्हटलं, इथे मी ऑफिसला दांडी मारून सिनेमे बघितलेत. ती म्हणे, "इथे? थिएटर कुठाय?"

फेब्रुवारी २००४. जवळच रवींद्र नाट्य मंदिरात मिफ, म्हणजे सरकारी माहितीपट महोत्सव. त्या खेपेला आधी फतवा निघाला की भारतीय फिल्मना सेन्सॉरचं सर्टिफिकेट हवं. परदेशी फिल्मना नको, फक्त आपल्या! माहितीपटवाल्यांनी बोंब मारली, अट गेली, पण अडचणीच्या बऱ्याच फिल्म निवडीतच गळाल्या. मग या मंडळींनी हाकेच्या अंतरावर स्वतःचा महोत्सव भरवला, 'विकल्प'.

मी खरं तर मिफलाच निघाले होते. इथे गर्दी दिसली म्हणून शिरले. खुर्च्या संपलेल्या, खालीच बसले. राकेश शर्मांची गुजरात दंगलीवरची फिल्म, साडेतीन तासांची. पाय बधिर झाले तरी उठवेना. शेजारच्या अनोळखी काकांनी न बोलता बिस्किटाचा पुडा पुढे केला. ते रडत होते. घरी आईने विचारलं, ऑफिसात उशीर झाला का? हो म्हटलं.

तुमचेही अनुभव लिहा. महोत्सवच हवा असं नाही.

खमंग_काकडी :
वाचतेय. कुकर लावून येते.

डबल_डेकर :
एल्फिन्स्टन नाही, प्रभादेवी म्हणा. २०१८ पासून.

सायलेंट_मोड :
स्टेशन प्रभादेवी, पूल एल्फिन्स्टन. आम्ही बदलणार नाही :)

भायखळाकर :
२०१२ जानेवारी, आमच्या बीआयटी चाळीत 'जय भीम कॉम्रेड'. उघड्यावर पडदा. १४ वर्षं लागली आनंद पटवर्धनांना ही फिल्म करायला. तिची सुरुवात घाटकोपरच्या रमाबाई नगरात दलित वस्तीवर झालेल्या पोलीस गोळीबारापासून, ११ जुलै १९९७ चा, १० माणसं गेली, आणि त्या धक्क्यात शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. माझी आजी सिनेमाला कधी गेली नव्हती, ती पाट घेऊन पुढे बसली. गाणी लागली की पडद्यासोबत गात होती. मागून कोणीतरी "आजी, हळू" म्हणालं तर वळून म्हणाली, "का? माझंच गाणं आहे."
आता नाही ती. बाकी नंतर लिहितो, गाडी आली.

खमंग_काकडी :
आजी __/\__

टवाळ_टोणगा :
हलके घ्या, पण असल्या फिल्मना मला दहाव्या मिनिटाला झोप लागते. बायको नेते, मी घोरतो, ती चिमटे काढते. हे माझ्या मानवी हक्कांत बसतं का?

डबल_डेकर :
बसतं. तिच्याही बसतं.

लेमन_ग्रास :
जिनिव्हाहून. इथे मार्चमध्ये असतो असा महोत्सव, २००३ पासून. यूएनच्या मानवाधिकार परिषदेचं सत्र चालू असतं तेव्हाच मुद्दाम ठेवतात, म्हणजे राजदूत वगैरे मंडळी गावातच असतात. आधी फिल्म, मग चर्चा, आणि चर्चाच लांबते! पहिल्या वर्षी मी गेले ते बाहेर थंडी होती आणि आत हीटर होता म्हणून. खोटं कशाला सांगू. आत सफाई कामगारांवर फिल्म होती. बघताना आमच्या सोसायटीतले मामा आठवले, दिवाळीला पन्नास रुपये देऊन आम्ही उपकार केल्यासारखे हसायचो. चर्चेत हात वर केला नाही.

खमंग_काकडी :
@लेमन_ग्रास आमच्याकडे अजून पन्नासच देतात.
अवांतर : रवींद्रच्या कँटीनचा साबुदाणा वडा आठवतो का कुणाला? नूतनीकरणानंतर मिळतो का?

टवाळ_टोणगा :
या धाग्यातला पहिला महत्त्वाचा प्रश्न.

निवांत_नगरी :
धागाकर्ती, ती गुजरातवाली फिल्म सेन्सॉरने अडवली होती तेव्हा फुकट मिळायची, पण कॉपी काढून पुढे वाटीन असं कबूल केलं तर! आमच्या हॉस्टेलला एकाने आणली, रात्री दार लावून बघितली. मी पाच कॉप्या काढल्या, चार वाटल्या. पाचवी कपाटात सापडली गेल्या दिवाळीत. व्हीसीडी प्लेअर आहे का कुणाकडे?

भायखळाकर :
काकांकडे आहे. रिमोट नाही, आणि झाकण हाताने धरावं लागतं.

निवांत_नगरी :
धरतो. रविवारी येऊ?