मदत हवी आहे : सेबूच्या सिनुलोगला आईला (वय ७३) घेऊन जायचंय

नमस्कार मंडळी,

पुढच्या जानेवारीत आईला घेऊन फिलिपीन्समधल्या सेबू शहरात जायचं म्हणतेय. तिथे सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची जत्रा भरते, तिला सिनुलोग म्हणतात. जानेवारीचा तिसरा रविवार हा मुख्य दिवस. २०२७ मध्ये तो १७ तारखेला येतो. नेटवर शोधलं की रविवारची मिरवणूक, नाचणारी पथकं आणि कुठल्या गच्चीवरून फोटो चांगले येतात, एवढंच सापडतं. आम्हाला त्यातलं फारसं काही नको. आईला दर्शन घ्यायचंय.

थोडं मागचं सांगते. मी मस्कतला असते. दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे आली असताना पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. वॉर्डात रात्रपाळीला सेबूची एक सिस्टर असायची. आईला इंग्रजी येत नाही, सिस्टरला हिंदी येत नव्हतं. तिच्या ओळखपत्राच्या प्लॅस्टिकमध्ये मागच्या बाजूने सांतो निन्योचं चित्र सरकवलेलं होतं : लाल झगा, डोक्यावर मुकुट, हातात गोल. आईने एकदा बोट लावून "हा कोण?" असं विचारलं. त्यानंतर रोज रात्री औषधं देऊन झाली की आई उशाखालचा विठोबाचा फोटो काढायची आणि सिस्टर आपलं कार्ड उलटं करायची. दोघी काही न बोलता एकमेकींच्या देवाला नमस्कार करायच्या.

आई पुन्हा उभी राहायला घाबरत होती. एका रात्री सिस्टरने तिला वॉकर धरायला लावून सिनुलोगची पावलं दाखवली. दोन पुढे, एक मागे. 'सुलोग' म्हणजे पाण्याचा प्रवाह, त्याच्यासारखी ही चाल. आई म्हणाली, "अगं, ही तर आपली पावली!" सासवडहून तिने २१ वाऱ्या केल्या आहेत, तिला ती चाल सांगावी लागली नाही. वॉर्डाच्या त्या पॅसेजमध्ये पहिली तीन पावलं तिने तशीच टाकली.

पुढे कळलं की आई चालायला लागू दे म्हणून सिस्टरने सांतो निन्योला नवस बोलला होता. त्यांच्याकडे त्याला 'पनाआद' म्हणतात. आता सिस्टर कायमची सेबूला परत गेली आहे आणि जानेवारीत नवस फेडणार आहे. आई म्हणते, "माझ्यासाठी बोललेला नवस, फेडताना मी नको का तिथे?" यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंय.

सिस्टरला अडचणी विचारल्या की ती फक्त "या, सगळं होईल" म्हणते. तिची ड्युटी असल्यामुळे ती एकच दिवस आमच्याबरोबर असेल. म्हणून इथे विचारतेय.

मी जमवलेली माहिती अशी. गुरुवार ७ ते शुक्रवार १५ जानेवारी नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना. शनिवारी १६ ला पहाटे मूर्ती बोटीतून समुद्रमार्गे येते, दुपारी पायी मिरवणूक. रविवारी मोठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, आणि रस्त्यावरचं संचलन. पुढच्या शुक्रवारी, २२ ला, 'हुबो' नावाचा विधी : देवाचे उत्सवाचे कपडे, मुकुट उतरवून त्याला स्नान घालतात आणि साधा पोशाख चढवतात. हे वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे प्रक्षाळपूजाच की." आषाढीनंतर विठोबाचा शिणवटा घालवतात, तसंच तिच्या डोळ्यांपुढे आलं.

या मूर्तीची गोष्टही मनातून जात नाही. एप्रिल १५२१ मध्ये दर्यावर्दी मॅगेलनने ती सेबूच्या राजा हुमाबोनच्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी दिली. त्याच महिन्यात तो शेजारच्या माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापु याच्या लोकांकडून मारला गेला आणि त्याची माणसं निघून गेली. १५६५ मध्ये स्पॅनिश सरदार लेगाझ्पीच्या सैनिकाला ती एका जळलेल्या घरात, पेटीत सापडली. मधली ४४ वर्षं ना पाद्री ना चर्च, तरी ती कुणीतरी पेटीत जपून ठेवली होती.

तर प्रश्न असे. भारतीयांना जून २०२५ पासून व्हिसाशिवाय १४ दिवस राहता येतं, त्यात शनिवार आणि हुबो दोन्ही बसतात; पण आईला नेमकं कोणत्या दिवशी न्यावं? ती आधाराने अर्धा किलोमीटर चालते, तासभर उभी राहू शकत नाही. आपण ख्रिस्ती नाही, तर मिस्सेला बसलेलं चालतं का, काही चुकीचं वागणं होऊ नये. माझी मडगावची मैत्रीण म्हणते, गोव्यातल्या कोलव्याच्या मेनिन जेजूच्या (बाळ येशूच्या) फामाला, म्हणजे जत्रेला, सगळ्या धर्मांचे लोक येतात, तसंच असेल. पण खात्री हवी.

आणि एक. सिस्टरच्या घरी सांतो निन्योची वीतभर मूर्ती आहे. आईने तिच्यासाठी आपल्या लग्नातल्या पैठणीच्या पदरातून झगा बेतलाय, लाल, खाली मोरांचा काठ. सिस्टरने मूर्तीशेजारी टेप धरून फोटो पाठवला होता, त्यावरून मापं घेतली. असं वस्त्र चालतं ना?

---

प्रतिसाद १

ताई, मी चार वर्षं सेबूच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला होतो. काकूंना जरूर घेऊन या, पण रविवारी बाहेर काढू नका. रस्ते बंद असतात, टॅक्सी मिळत नाही, आणि सुरक्षेसाठी मोबाइलचं नेटवर्क बंद ठेवल्याचंही मी अनुभवलंय. त्या दिवशी हॉटेलात टीव्हीवर बघा. शनिवारच्या पायी मिरवणुकीतही त्यांना चालवू नका, तासन् तास चालते.

सगळ्यात चांगलं म्हणजे नोव्हेनातल्या, आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी पहाटेची मिस्सा. बॅसिलिका म्हणजे मूळ मूर्तीचं मोठं चर्च, त्यासमोर मोठं उघडं प्रांगण आहे, तिथे बसायला जागा असते, मात्र लवकर जावं लागतं. हॉटेल बॅसिलिकाच्या जवळ घ्या, भाडं जास्त पडलं तरी. 'बातोबालानी सा गुग्मा' हे स्तवन सुरू झालं की हजारो लोक एकदम हात वर करून हलवतात. अर्थ 'प्रेमाचा लोहचुंबक'. मध्येच "पित सेन्योर!" असा पुकारा होतो, विठ्ठलाच्या गजरासारखाच. काकूंना सांगायची गरज पडणार नाही.

मिस्सेला कुणीही बसू शकतं. फक्त प्रसादाची पोळी, कम्युनियन, घ्यायला रांगेत जाऊ नका, ती कॅथलिकांसाठीच आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, साडी उत्तम. मूळ मूर्ती जेमतेम एक फुटाची, काचेमागे आहे. लोक काचेला हात किंवा रुमाल लावून नमस्कार करतात. दर्शनाची रांग मोठी असते, पण तिथे ज्येष्ठांना पुढे घेण्याची पद्धत आहे, स्वयंसेवकांना विचारा.

नवसाबद्दल : आवारात मेणबत्त्या विकणाऱ्या बायका असतात. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं सांगायची, मग त्या हातात मेणबत्त्या धरून, ती नावं घेत, तुमच्या वतीने सिनुलोग नाचतात. ती दोन पुढे एक मागेवाली चाल तिथे खरी बघायला मिळते, ढोल-पथकांत नाही.

---

प्रतिसाद २

वस्त्र नक्की चालेल. लोक घरच्या मूर्ती कडेवर घेऊन येतात. कुणाची कोळ्याच्या वेशात, कुणाची शेतकऱ्याच्या. मिस्सेच्या शेवटी त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. पण बाह्या शिवून बंद करू नका. उजवा हात आशीर्वादाला वर आणि डाव्या हातात गोल, झगा चढणारच नाही. पाठ आणि बाह्या उघड्या ठेवून बांधायला बंद (नाड्या) लावा.

शाकाहारी असाल तर "वालाय कार्ने, वालाय इस्दा" (मांस नको, मासे नको) पाठ करा. तरी भाजीत सुकी कोलंबी निघते, तेही विचारा. नारळाच्या झावळीत विणून शिजवलेला भात, 'पुसो', कुठेही मिळतो. बुदबुद म्हणजे नारळाच्या दुधातला चिकट भात, केळीच्या पानातला, काकूंना आवडेल.

---

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. ११ ला पोचायचं, १३ च्या पहाटेची मिस्सा, शनिवारी सिस्टर येईल तेव्हा मेणबत्तीवाल्या बायकांकडे, रविवारी खोलीत, २२ ला हुबो आणि २३ ला परत, असं ठरवतोय. नावं कुणाची सांगायची हे विचारलं तर आई म्हणाली, तिच्या वॉर्डातल्या सगळ्या पेशंटची सांग. नावं आपल्याला माहीत नाहीत म्हटलं, तर म्हणे सिस्टरला माहीत असतील.

बाह्यांचं बरं झालं सांगितलंत. एक बाही शिवून झाली होती, आई आत्ता उसवत बसली आहे.