घरसामान परदेशी पाठवताना : बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून परदेशी स्थायिक होणाऱ्या कुटुंबांची आता कोणाला नवलाई वाटत नाही. नोकरी, व्हिसा, मुलांच्या शाळा यांविषयी विचारले तर सांगणारे दहा जण भेटतात. परंतु घरातले सामान आपल्या दारातून उचलल्यापासून तिकडच्या दारात उतरेपर्यंत त्याचे काय होते, ते कोण उघडते, कोणता कागद कोणाला दाखवावा लागतो, हे मराठीत नीट लिहिलेले मला कोठे सापडले नाही, आणि त्याची किंमत आम्ही मोजली. म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी सामान पाठवले, आणले किंवा विचार करून मागेच ठेवले, त्यांनी काय बांधले, कसे बांधले, कोठे अडले हे सविस्तर लिहावे. कंपन्यांची नावे कृपया लिहू नयेत. व्यवहार कसा झाला एवढेच पुरे. सुरुवात मी करते.

टिळकवाडी ते टोरोंटो

आम्ही २०२२ साली इकडे आलो. पाहणीला आलेल्या माणसाने घर फिरून ‘सहा सीबीएम होतील’ असे सांगितले, तेव्हा सीबीएम म्हणजे घनमीटर एवढेच मला ठाऊक होते. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. आपले निवडक सामान तेवढे भरत नाही, म्हणून ते इतरांच्या मालाबरोबर जाते आणि भाडे बहुधा वजनावर नव्हे, तर व्यापलेल्या जागेवर लागते. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची आठ खोकी म्हणजे जवळपास एक घनमीटर. हा हिशेब कळल्यावर मी गाद्या-उशा वगळून त्या जागी पुस्तके आणि पितळेची भांडी घातली. तेच खोके विमानाने पाठवले, तर आत नुसती उशी असली तरी त्याचे वजन सव्वावीस किलो धरले जाते, कारण तेथे घनसेंटिमीटरना ६००० ने भागून येणारा आकडा आणि खरे वजन यांतले जे जास्त असेल ते लावतात.

आमची चूक दरपत्रक वाचण्यात झाली. त्यात ‘टोरोंटोपर्यंत’ असे लिहिले होते आणि आम्ही ते ‘घरापर्यंत’ असे वाचले. सामान पोहोचल्यावर तिकडच्या गोदामाचे भाडे, माल उतरवण्याचा आकार, कागदपत्रांचे शुल्क आणि घरपोच गाडीचा खर्च असे चार वेगवेगळे आकडे आले, ज्यांचा बेळगावात कोणी उच्चारही केला नव्हता. दरपत्रक हाती आले की ‘तिकडे उतरल्यावर मला आणखी कोणाला काही द्यावे लागेल का’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

दुसरी गोष्ट यादीची. कॅनडात पहिल्यांदा उतरताना, सामान अजून जहाजावर चढलेले नसले तरीही, मागून येणाऱ्या सर्व वस्तूंची किमतीसह यादी विमानतळावरच कस्टम्सच्या अधिकाऱ्याकडे द्यावी लागते आणि तिच्यावर शिक्का घ्यावा लागतो. आमची यादी तयार होती. परंतु सामान उचलायच्या दिवशी सासूबाईंनी तांब्याचा हंडा आणि दोन समया आणून ठेवल्या, त्या एका खोक्यात गेल्या आणि यादीत मात्र आल्या नाहीत. तेवढ्या खोक्यावर आम्हाला कर भरावा लागला. रक्कम फार मोठी नव्हती, परंतु ‘ही वस्तू तुम्ही येण्यापूर्वी तुमचीच होती, हे कशावरून?’ या प्रश्नाला माझ्याकडे कागदोपत्री उत्तर नव्हते, याचे वाईट वाटले.

निपाणी ते दुबई

दुबईला सामान जहाजाने थोड्या दिवसांत पोहोचते आणि वीजही आपल्यासारखीच असल्यामुळे मिक्सर, इस्त्री सर्व चालते. फक्त प्लग बदलावे लागतात. एकच गोष्ट कळकळीने सांगतो. मसाल्याच्या डब्यातली खसखस काढून टाका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखालचा गुन्हा ठरू शकतो. आईने दिलेल्या अनारशांवरही खसखस असते, हे घरातल्या मोठ्यांना आधीच समजावून सांगावे.

खानापूर ते मेलबर्न

आमचे सामान जुलैमध्ये बांधले गेले. खानापूरचा जुलै ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचे सांगायला नकोच. चादरी वाळलेल्या वाटत होत्या, पण पूर्ण वाळलेल्या नव्हत्या. त्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्या गेल्या आणि विषुववृत्त ओलांडून आलेल्या कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे राहिल्या. उघडल्या तेव्हा घडीच्या प्रत्येक रेषेवर काळे ठिपके होते. पावसाळ्यात निघणाऱ्यांनी कापड आधी इस्त्री करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात.

ऑस्ट्रेलियाचा खरा प्रश्न मात्र कस्टम्सचा नसून जैवसुरक्षेचा आहे. मागून येणाऱ्या सामानासाठी एक स्वतंत्र निवेदन भरावे लागते. त्यात लाकूड, बांबू, गवत, बिया, चामडे, मातीचा संपर्क आलेल्या वस्तू याबद्दल एकेक प्रश्न असतो. संशयास्पद वस्तू अधिकारी बाजूला काढतात आणि ती नष्ट करायची, परत पाठवायची की धुरी वगैरे देऊन घ्यायची, हे मालकाला ठरवावे लागते, खर्च मालकाचाच. मी बांबूचे सूप आणि शिंदीची केरसुणी लक्ष्मी म्हणून घेतली होती. दोन्ही नष्ट करण्याच्या कागदावर सही करताना हात थांबला होता, हे मोकळेपणाने लिहिते. घरी असताना कोणी सांगितले असते, तर ती माझ्या जावेच्या घरी सन्मानाने राहिली असती.

याउलट यजमानांच्या शेतातल्या बुटांचे मी निघण्यापूर्वीच मनावर घेतले होते. आमची लाल माती तळव्याच्या खाचांत अशी बसते की पाण्याने फक्त वरची निघते. मी एक संध्याकाळ दाभण आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बसले, प्रत्येक खाच कोरली, मग बूट गरम पाण्यात बुडवले आणि ब्रश चुलीत टाकला. मेलबर्नला अधिकाऱ्याने नेमके तेच बूट उलटे करून विजेरीखाली धरले आणि काही न बोलता परत खोक्यात ठेवले. मिरजेहून घेतलेल्या तंबोऱ्याचा भोपळाही त्यांनी असाच फिरवून पाहिला. किडीची भोके नव्हती, म्हणून तो तसाच मिळाला.

उद्यमबाग, बेळगाव

मी कारखान्याचा माल निर्यातीसाठी बांधण्याच्या कामात आहे, म्हणून लाकडी पेटीविषयी लिहितो. ओळखीच्या सुताराकडून चांगल्या लाकडाची पेटी करून घेणारे लोक मी पाहतो आणि काळजी वाटते. बांधणीसाठी वापरलेले कच्चे लाकूड आंतरराष्ट्रीय नियमानुसार उपचार केलेले असावे लागते. उष्णतेचा उपचार असेल, तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे टिकावे लागते आणि पेटीवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का हवा. सागवान असले तरी शिक्क्याशिवाय ते चालत नाही. प्लायवूडला हा नियम लागत नाही. त्यामुळे देव्हारा किंवा हार्मोनियमसाठी प्लायची पेटी करून तिला पट्ट्याही प्लायच्याच लावाव्यात. आपल्या उद्योगांचा माल रोज परदेशी जातो, त्यामुळे असे शिक्क्याचे काम करणारे बेळगावातच मिळतात. त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

कॅम्प, बेळगाव ते लेस्टर

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बदली हा आमच्या घरचा ऋतूच होता आणि त्यांच्या काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव व क्रमांक घातलेला असे. प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी खळीने यादी चिकटवलेली असे आणि वस्तू काढली की तिच्यावर रेघ मारली जाई. टिळकवाडीच्या ताईंच्या हंड्याविषयी वाचताना मला त्या झाकणांची आठवण झाली. मी लेस्टरला निघालो तेव्हा वडिलांनी सांगितले, ‘बांधून झाल्यावर यादी करू नकोस, यादीवरून बांध.’ त्या एका वाक्याने माझे काम निभावले.

ब्रिटनमध्ये करमाफीसाठी सामान पाठवण्यापूर्वीच अर्ज करून मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. किमान बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असावे आणि वस्तू किमान सहा महिने वापरात असाव्यात, अशा अटी आहेत. पोहोचल्यावर बारा महिन्यांच्या आत त्या विकता किंवा भाड्याने देता येत नाहीत. या अर्जालाही यादी जोडावी लागते, ती वडिलांच्या पद्धतीने आधीच तयार होती.

आणखी दोन गोष्टी. पहिली, आमच्या गल्लीत मोठा ट्रक येत नाही, हे पाहणीच्या वेळीच सांगावे. नाहीतर छोट्या टेम्पोने सामान हमरस्त्यापर्यंत नेण्याचा खर्च ऐनवेळी मागितला जातो. दुसरी, गोव्याचे मुरगाव बंदर आपल्याला जवळ असले तरी घरसामानाची अशी एकत्रित खेप आम्हाला न्हावाशेव्याहूनच मिळाली, म्हणजे ट्रक राज्याची हद्द ओलांडतो. कोगनोळीजवळ आमचा ट्रक थांबवून ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन कागद, विचारले गेले. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही, परंतु सामान खरोखर घरगुती आहे हे दिसावे म्हणून यादीची आणि पासपोर्टची प्रत चालकाजवळ असणे फार उपयोगी पडले. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेळगाम’ आणि इतर कागदांवर ‘बेळगावी’ असे आहे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले, हे परक्या अधिकाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. दोन्ही नावे एकाच गावाची आहेत, असे एका ओळीचे निवेदन मी प्रत्येक संचाला जोडले.

वडगाव ते नेदरलँड्स

आमच्या घरी मोडी लिपीतल्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, आहे. नवऱ्याची इच्छा होती की मुलांना दाखवायला तो बरोबर न्यावा. चौकशी केल्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची माहिती मिळाली. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, कलावस्तू आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. शंका असेल तर ती वस्तू पुरावस्तू नाही, असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. देव्हाऱ्यातले जुने टाकही याच विचारात येतात, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. आम्ही प्रत्येक कागदाचे दिवसाच्या उजेडात छायाचित्र घेतले आणि रुमाल थोरल्या काकांकडे सोपवला. टाकांपैकी नव्याने घडवलेले तेवढे, सोनाराच्या पावतीसह, हातातल्या पिशवीतून आणले.

सामान जानेवारी २०२४ मध्ये निघाले. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालत होती, त्यामुळे सांगितलेल्या तारखेच्या कितीतरी नंतर ते आले. थंडीचे कपडे त्यातच होते. पहिल्या दोन महिन्यांना लागणारे काहीही जहाजाने पाठवू नये, असे मी आता प्रत्येकाला सांगते. विमा उतरवताना आणखी एक जपावे. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातली वस्तू फुटली, तर विमा कंपन्या सहसा भरपाई देत नाहीत. माझी चिनी मातीची बरणी अशाच खोक्यात होती. शहापुरी लुगड्याच्या तीन वेढ्यांमुळे ती वाचली, विम्यामुळे नव्हे.

सॅन होजे ते हिंदवाडी (परतीचा प्रवास)

आम्ही २०१९ साली परत आलो. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार दोन वर्षे परदेशी राहून कायमचे परतणाऱ्यांना घरगुती वस्तूंवर ५ लाख रुपयांपर्यंत सवलत होती. परंतु त्या दोन वर्षांत भारतात येऊन राहिलेले दिवस सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावेत, अशी अट होती. वडिलांच्या आजारपणात मी चार वेळा आले होते. कस्टम्सच्या टेबलाशी पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दिवस मोजले गेले तेव्हा ते १६९ भरले, म्हणजे थोडक्यात मर्यादेत बसले. निघण्यापूर्वी हा हिशेब मी केलाच नव्हता. तिकडची ११० ते १२० व्होल्टची यंत्रे आणू नयेत. आम्ही मिक्सर आणला आणि तो तसाच पडून आहे.

चिकोडी

माझी मुलगी परदेशी आहे आणि मी इकडेच असतो. तुम्ही सर्वांनी नेलेल्या सामानाविषयी लिहिले आहे. मी मागे राहिलेल्या सामानाविषयी थोडे लिहितो. तिने जाताना तीन कपाटांच्या वस्तूंची वही माझ्याकडे दिली. दर महिन्याला मी पुस्तकांना ऊन दाखवतो आणि वहीत तारीख घालतो. गेल्या माघात तिने पुरणयंत्र मागितले. पितळेचे, वजनाला चांगले जड. टपाल कार्यालयात कस्टम्सचा फॉर्म भरताना मी नुसते ‘भांडे’ असे लिहिले, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी तो फॉर्म परत दिला आणि ‘हाताने फिरवायचे पितळी स्वयंपाकयंत्र, जुने’ असे इंग्रजीत लिहून घेतले, किंमतही घालायला लावली. मला ते पटले. पार्सल होळी उलटून नऊ दिवसांनी तिच्या दारी पोहोचले, आणि पुरणपोळी तिने पाडव्याला केली.